जप्त गाड्यांचा ठेका द्यायचा तर द्या, पण दिवसावर पैसे देऊ नका

मंडळी, पोस्ट थोडी लांब आहे. पण ज्यांच्या घरी दुचाकी, ट्रॅक्टर किंवा पिकअप आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. कधी ना कधी कामी येईल.

विषय आहे पोलीस ठाण्यात उभ्या असलेल्या जप्त गाड्यांचा. पोलीस ठाण्याचं आवार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? भिंतीला टेकवलेल्या गंजक्या दुचाक्या, वेली चढलेला एखादा टेम्पो, हवा गेलेल्या टायरवर बसलेला ट्रॅक्टर. पावसाळ्यात त्या टायरांत पाणी साचतं आणि डासांची सोय होते. कोणाची तरी ती कमाईची गाडी असते. दूध घालणाऱ्याची मोटरसायकल असते, नाहीतर रोवणीच्या तोंडावर अडकलेला ट्रॅक्टर असतो. गाडीचे हप्ते मात्र बँक थांबवत नाही.

आपला जिल्हा तर दोन राज्यांच्या सीमेवरचा. एका बाजूला मध्य प्रदेश, दुसरीकडे छत्तीसगड, आणि देवरी-कोहमाऱ्यातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३. इथं अपघातातल्या गाड्या आहेत, रेतीच्या प्रकरणातले ट्रॅक्टर-टिप्पर आहेत, चोरीच्या दुचाक्या आहेत आणि कोणीच न्यायला न आलेल्या बेवारस गाड्याही आहेत. २९ नोव्हेंबर २०२४ ला सडक अर्जुनी तालुक्यात बिंद्रावन टोल्याजवळ शिवशाही बस उलटली आणि दहापेक्षा जास्त लोकांचा जीव गेला. अशा अपघातात गाडी हीच मोठी साक्षीदार असते. ब्रेक, टायर, स्टिअरिंग नीट होते की नव्हते, हे तीच सांगणार. ती नीट उचलली नाही, नीट ठेवली नाही, तर साक्ष गेली.

यावर उपाय म्हणून एक गोष्ट नेहमी ऐकू येते : गाड्या उचलायचं आणि ठेवायचं काम खासगी ठेकेदाराला द्या. पोलिसांकडे जागा नाही, क्रेन नाही, माणसं नाहीत, हे खरंच आहे. मुद्देमाल सांभाळणाऱ्या एका कर्मचाऱ्यानं रजिस्टर लिहायचं, कोर्टात जायचं, की रात्री बॅटरी कोण काढून नेतो ते पाहायचं? त्यामुळे ठेक्याला माझा विरोध नाही. प्रश्न एवढाच आहे की ठेकेदाराला पैसे कशाचे मिळणार.

मोठ्या शहरांचा अनुभव बघा. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत मालाडला मागच्या सीटवर बाळाला पाजत बसलेल्या आईसकट गाडी टोइंगनं ओढून नेली. व्हिडिओ देशभर फिरला, पोलीस कर्मचारी निलंबित झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये पुण्यात नाना पेठेत माणूस बसलेला असताना दुचाकी उचलून वर टांगली. या फक्त चार माणसांच्या उद्धटपणाच्या गोष्टी नाहीत. उचललेल्या गाडीमागे पैसे मिळत असतील तर माणूस जास्त गाड्या उचलणार, यात नवल काय?

आता हाच हिशेब साठवणुकीला लावा. उद्या निविदा निघाली आणि तिच्यात लिहिलं की प्रत्येक गाडीमागे रोजचं इतकं भाडं, तर गाडी लवकर सुटावी असं कोणाला वाटेल? ठेकेदाराला नाही वाटणार. ज्या गाडीवर कोर्टाचा आदेश निघायला दोन वर्षं लागतील ती त्याची दुभती गाय. आणि भाडं मालकाच्या माथी मारलं तर आणखी वाईट. पन्नास हजारांच्या जुन्या गाडीवर साठ हजारांचं भाडं चढलं की गरीब माणूस गाडी सोडूनच देतो. मग तीच गाडी लिलावात भंगाराच्या भावानं जाते.

इंग्लंडमध्ये पोलिसांसाठी गाड्या उचलणं आणि ठेवणं बऱ्याच ठिकाणी ठेकेदारच करतात. पण दर सरकार ठरवतं. २०२३ पासून साध्या गाडीला उचलण्याचे १९२ पौंड आणि ठेवण्याचे रोजचे २६ पौंड. दर उघड असतो, ही चांगली गोष्ट. पण ज्याची गाडी चोरीला गेली त्यालाही ती परत घेताना हे पैसे द्यावे लागतात, म्हणून तिथंही लोक चिडतात. आधी चोरानं लुटलं, मग कायद्यानं. आपण दर जाहीर करण्याची शिस्त घ्यावी, चोरीच्या फिर्यादीकडून वसुली करण्याची नाही.

कायदा आपल्या बाजूनं आहे, हे फार जणांना माहीत नसतं. सुप्रीम कोर्टानं १ ऑक्टोबर २००२ ला सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात सांगितलं की जप्त गाड्या ठाण्यात वर्षानुवर्षं ठेवण्यात अर्थ नाही. फोटो काढा, पंचनामा करा, बंधपत्र आणि जामीन घ्या, गाडी मालकाला द्या. कोणीच दावा केला नाही तर कोर्टाच्या आदेशानं लिलाव करा, आणि तो आदेश सहा महिन्यांत व्हावा. या गोष्टीला २० वर्षं उलटून गेली!

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तर मुदतच घातली आहे. कलम ४९७ : मुद्देमाल कोर्टासमोर आला की १४ दिवसांत त्याचं वर्णन तयार करायचं, फोटो किंवा गरजेप्रमाणे व्हिडिओ काढायचा, आणि त्यानंतर ३० दिवसांत त्याचं काय करायचं याचा आदेश द्यायचा. ते वर्णन आणि फोटो पुढे खटल्यात पुरावा म्हणून चालतात. मोटार वाहन कायद्याचं कलम १३६ पण वाचून ठेवा. अपघातातली गाडी तपासणीसाठी नेली तर कुठे नेली हे मालकाला कळवायचं, आणि सोपस्कार आटोपून २४ तासांत गाडी परत करायची. रेती, दारू, वनगुन्हा यांचे नियम वेगळे आहेत, तिथं तहसीलदार किंवा संबंधित खात्याकडे जावं लागतं. पण गाडी सडवत ठेवा, असं कुठलाच कायदा सांगत नाही.

आता तपासणीचं बघू. चोरीच्या गाडीचा चेसिस नंबर घासलेला असतो. तो रसायनांनी परत उठवता येतो, पण धातूवर गंज चढत गेला की काम अवघड होतं. रक्ताचे डाग, रंगाचे ओरखडे, काचेचे तुकडे, यांना ऊन-पाऊस लागला की संपलं. आपल्याला जवळची मोठी प्रयोगशाळा म्हणजे नागपूरची प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळा, रेल्वेनं सुमारे १३० किलोमीटर. नव्या संहितेप्रमाणे ७ वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं बंधनकारक करायचं आहे. त्यासाठी राज्य सरकारनं जानेवारी २०२५ मध्ये फिरत्या न्यायवैद्यक व्हॅन सुरू केल्या. म्हणजे गाडी नागपूरला नेण्यापेक्षा तज्ज्ञ गाडीपर्यंत येणं आता शक्य आहे. पण तो येईपर्यंत गाडी छताखाली, सीलबंद आणि कॅमेऱ्यासमोर नको का?

इथं एक गोष्ट ठाम सांगतो. गाडी ठेवणारा आणि गाडी तपासणारा एकच असता कामा नये. ठेकेदारानं फक्त सांभाळायचं. तपासणी सरकारी तज्ज्ञ आणि मोटार वाहन निरीक्षकांनीच करायची. नाहीतर आरोपीचा वकील पहिलाच प्रश्न विचारेल, मधल्या काळात चावी कोणाकडे होती? उत्तर नसलं तर आरोपी सुटणार आणि मेलेल्याच्या घरच्यांना नुकसानभरपाईसाठी कोर्टाचे उंबरठे झिजवावे लागणार.

म्हणून पोलीस अधीक्षक, जिल्हाधिकारी आणि पालकमंत्री साहेबांकडे आपण एवढं मागू या :

१. ठेका निघाला तर पैसे उचलण्याचे आणि ठरावीक मुदतीच्या साठवणुकीचे द्या. मुदतीनंतर रोजचं भाडं बंद.
२. चोरीच्या फिर्यादीकडून आणि जो निर्दोष ठरेल त्याच्याकडून एक रुपयाही घेऊ नका.
३. दरपत्रक मराठीत, प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर.
४. गाडी आत घेताना किलोमीटर, बॅटरी, टायर, स्टेपनी यांची यादी फोटोसकट करा आणि मालकाला प्रत द्या. काही गायब झालं तर भरपाई ठेकेदाराच्या अनामत रकमेतून.
५. जप्त गाड्यांची यादी दर महिन्याला जाहीर करा : नंबर, तारीख, कशामुळे अडकली.
६. ठेकेदाराला किंवा त्याच्या नातेवाइकाला त्याच गाड्यांच्या लिलावात बोली लावता येणार नाही, हे लिहून घ्या.

बेवारस गाड्यांचं काम ठेक्याशिवायही होतं. मावळातली गंगामाता वाहन शोध संस्था चेसिस आणि इंजिन नंबरवरून मूळ मालक शोधून देते, आणि तिनं अनेक ठाण्यांसोबत काम केलं आहे. आपल्या ठाण्यांनी तिला एक पत्र लिहायला काय हरकत आहे?

आणि आपल्यासाठी दोन शब्द. गाडी जप्त झाली तर "सुटेल तेव्हा सुटेल" म्हणून घरी बसू नका. पंचनाम्याची प्रत मागा. आरसी, विमा आणि ओळखपत्र घेऊन कोर्टात सुपूर्तनाम्यावर गाडी मिळण्यासाठी लगेच अर्ज करा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्नवाल्यांना तिथं वकील फुकट मिळतो. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

गुन्हा झाला असेल तर शिक्षा माणसाला व्हावी, त्याला आपली ना नाही. पण खटला सुरू व्हायच्या आधीच घरातल्या कमावत्या गाडीला जन्मठेप कशासाठी?

तुमच्या तालुक्यातल्या ठाण्यात काय परिस्थिती आहे, कमेंटमध्ये लिहा. कोणाचं नाव घेऊन आरोप नको. गाडी किती दिवस अडकली आणि कशी सुटली, एवढंच सांगा. सगळं एकत्र करून निवेदन देऊ.