मांजरीनं नेलं असन

घरातली वस्तू गायब झाली की आमच्या गोंदिया जिल्ह्यात पहिला आळ मांजरीवर येतो. डब्याचं झाकण, कुकरची शिट्टी, बाळाचा एक मोजा, काहीही असो. ‘मांजरीनं नेलं असन,’ असं आजी म्हणते आणि चौकशी तिथंच संपते. मांजर कुकरची शिट्टी कशाला नेईल, असं नातवानं विचारलंच तर उत्तर तयार असतं : पिल्लायले खेळाले. हे उत्तर मला मनापासून आवडतं. का आवडतं, तेच आज सांगायचं आहे.

चमच्यांचं घ्या. लग्नात आहेर म्हणून आलेला डझनाचा संच दोन-तीन वर्षांत अर्ध्यावर येतो. खरकट्याबरोबर उकिरड्यावर गेले, पोरांच्या डब्यातून शाळेत राहिले, शेजारच्या तेरवीत मिसळले, अशी नाना मतं ऐकायला मिळतात. आमगावकडच्या एका काकूंचं मत मात्र सगळ्यांत गोड. त्या म्हणतात, चमचे माहेरी जातात. सासरी त्यांचं मन लागत नाही.

काकूंच्या मताला चांगली सोबत आहे. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या बर्नेट इन्स्टिट्यूटमधले संशोधक चहाच्या खोलीतले चमचे हरवतात म्हणून वैतागले. त्यांनी ७० चमच्यांवर गुपचूप खुणा केल्या, ते संस्थेत ठिकठिकाणी ठेवले आणि पाच महिने मोजत राहिले. ५६ गेले. निम्मे चमचे नाहीसे व्हायला ८१ दिवस पुरतात, असा त्यांचा हिशेब. २००५ च्या डिसेंबरात हा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये रीतसर छापून आला. सगळ्यांची वस्तू ती कुणाचीच नसते, हे कारण त्यांनी दिलंच. पण दूर कुठेतरी चमच्यांचाच एक ग्रह असावा आणि चमचे तिकडे निसटत असावेत, ही शक्यताही त्यांनी हसत नोंदवली. काकूंनी तो निबंध वाचलेला नाही. त्यांना ग्रहाची गरज पडली नाही, माहेर पुरलं.

चमच्याचं ठीक आहे. धानाचं कोडं मात्र घरात भांडण लावतं. दिवाळीनंतर मळणी होते, कट्टे भरून खोलीत रचले जातात. उन्हाळ्यात मिलवर न्यायला काढावेत तर काटा कमी दाखवतो. पोत्याची शिवण शाबूत, भोक नाही, उंदराच्या लेंड्या नाहीत. मग घरात नजरा फिरू लागतात, आणि त्या बहुतेक वेळा सुनेवर येऊन थांबतात. पसाभर धान दुकानात देऊन मुरमुरे-फुटाणे घ्यायची खेड्यातली रीत जुनी आहे, त्यामुळे ‘हिनंच विकलं’ म्हणायला पुरावा लागत नाही. अशा वेळी घरात एखादे मामाजी हवेत. अशाच एका सासऱ्यांनी भर अंगणात निवाडा दिला होता : ‘उन्हाळ्यात आपल्याले घाम येते, तसा धानालेबी येते.’ सगळे हसले आणि विषय मिटला.

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. सरकारी खरेदीत धानात १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. अशा १०० किलोंत १७ किलो पाणी आणि ८३ किलो कोरडा माल. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो ओलावा १३ टक्क्यांवर उतरला, तर तेच धान साधारण साडेपंच्याण्णव किलो भरतं. दाणा एकही हललेला नाही, साडेचार किलो पाणी तेवढं उडालं. अशा साडेचार किलोंपायी एखादी सून वर्षभर खाली मान घालून वावरते, याचा मला राग येतो.

रात्री छतावर कुणीतरी चालतं, त्याच्याही कथा घरोघरी आहेत. कुणाला वानर वाटतं, कुणाला वारलेले आजोबा घर बघायला आलेत असं वाटतं. दहा फुटी टिनाचा पत्रा दिवसा तापतो, रात्री निवतो. तीस-पस्तीस अंशांच्या फरकानं तो मिलिमीटरभर आखडतो आणि खिळ्यापाशी अडून कट्कन वाजतो. तरीही पोरांना झोपवताना आजोबांचीच गोष्ट सांगावी, असं मला वाटतं. आजोबा कुणाचं वाईट करत नाहीत.

वाईट होतं ते दुसऱ्या उत्तरानं. दूध नासलं, म्हैस आटली, कपाटातला पैसा गेला, की कुणीतरी हळूच ‘करणी’ हा शब्द काढतं आणि बोट गावातल्या एखाद्या एकट्या म्हातारीकडे वळतं. पूर्व विदर्भात अशा संशयावरून माणसांना मारहाण झाली आहे, जीवही गेले आहेत. नागपुरात १९८२ साली सुरू झालेल्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी आणि पुढे डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या सहकाऱ्यांनी भानामतीची कितीतरी प्रकरणं घरात जाऊन तपासली. कपडे पेटतात, अन्नात घाण सापडते. आणि मागे बहुतेकदा घरातलंच, मनानं कोंडलेलं एखादं माणूस असतं. २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांचा खून झाला, त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा आला. एखाद्यावर करणीचा ठपका ठेवून त्याला छळणं आता गुन्हा आहे.

म्हणून मला मांजर, माहेर आणि घाम प्यारे आहेत. हे सिद्धान्त कुणाच्या अंगावर जात नाहीत. आमच्या आज्यांना झाकण कुठे गेलं ते अनेकदा ठाऊक असतं. ज्या पोरीच्या हातून ते विहिरीत पडलं, तिचा चेहरा त्यांनी आधीच वाचलेला असतो. तिला चारचौघांत रडू येऊ नये म्हणून त्या मांजर पुढे करतात.

आता धान घरात येण्याचे दिवस आहेत. कट्टे रचताना एक काम करा. काट्यावर सासू आणि सून दोघींनी मिळून वजन घ्या, तारीख आणि किलो चिठ्ठीवर लिहा, चिठ्ठी कट्ट्याला शिवा. जमलं तर मूठभर धान खरेदी केंद्रावर नेऊन ओलावाही मोजून घ्या, त्याला मिनिटभर लागतं. मे महिन्यात फरक निघाला तर चिठ्ठी काढून बसा, आणि मामाजींना घामाची गोष्ट पुन्हा सांगायला लावा.