काल काय घडलं, हे सांगता न येणारं इंग्रजी

दहावीचं पोरगं 'गो-वेंट-गॉन, ब्रेक-ब्रोक-ब्रोकन' धडाधड म्हणून दाखवतं. प्रेपोझिशनची यादीही त्याला तोंडपाठ असते: इन म्हणजे आत, ऑन म्हणजे वर, टू म्हणजे ला. मग त्याला म्हणा, काल काय केलंस ते इंग्रजीत सांग. पोरगं खाली मान घालून उभं राहतं. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवलं जातं, म्हणजे हे पोरगं दहा वर्षं इंग्रजीच्या तासाला बसलेलं असतं. दहा वर्षांनी त्याला कालच्या दिवसाबद्दल एक धड वाक्य बोलता येत नसेल, तर नापास कोणाला करायचं? मी मालेगावात इंग्रजी शिकवतो आणि माझं उत्तर स्पष्ट आहे: शिकवणाऱ्यांना.

या दोन याद्या पोराच्या वहीत वेगवेगळ्या पानांवर असतात आणि त्यांची गाठ कधी पडतच नाही. क्रियापदाचा भूतकाळ एका महिन्यात, शब्दयोगी अव्ययं दुसऱ्या महिन्यात, दोन्हींवर गाळलेल्या जागा, दोन्हींना मार्क. पण घडलेली गोष्ट सांगायची म्हटलं की दोन्ही एका श्वासात लागतात. कुठे गेलो, कशाने गेलो, कोणाबरोबर गेलो, हे 'गेलो'ला चिकटूनच येतं.

'टू म्हणजे ला' हे तर सरळ चुकीचं शिकवणं आहे. मराठीचा 'ला' किती कामं करतो बघा. नाशिकला गेलो, नाशिकला राहतो, रामाला पाहिलं, मला ताप आला. पोरगं शिकवल्याबरहुकूम लिहितं, 'आय लिव्ह टू नाशिक', 'आय सॉ टू राम'. त्यावर लाल शाईने फुली मारली जाते आणि वर्गात हशा पिकतो. हसणाऱ्यांची मला चीड येते. त्या पोराने नियम पाळला, नियमच खोटा होता. 'आय डिड नॉट वेंट' ही तर सगळ्यात जास्त चेष्टा होणारी चूक. मराठीत 'गेलो नाही' म्हणताना 'गेलो' तसंच राहतं, म्हणून पोरगं 'वेंट' तसंच ठेवतं. त्याचं डोकं ठिकाणावर आहे. 'डिड'ने भूतकाळ स्वतःकडे घेतला की क्रियापद मूळ रूपात परत जातं, हे त्याला कोणी समजावलेलंच नाही.

मालेगावात तर हा प्रश्न तिहेरी आहे. मराठी घरातलं पोरगं 'नाशिकला गेलो' म्हणतं, अहिराणी घरातलं 'नाशिकले' म्हणतं, आणि उर्दू घरातलं 'मैं नासिक गया' म्हणतं, त्यात प्रत्यय नाहीच. म्हणून उर्दू बोलणारं पोरगं 'आय वेंट नाशिक' लिहितं आणि 'टू' गाळतं. चूक वेगळी, कारण वेगळं, औषध वेगळं. तरी तिघांना एकच छापील गाईड आणि एकच यादी. ज्या गावात तीन भाषा रोज कानावर पडतात, तिथल्या शिक्षकाला या फरकाची जाणीव नसावी, याला मी आळस म्हणतो. दुसरा शब्द मला सुचत नाही.

आणि ज्याची भीती घातली जाते तो भूतकाळ खरं तर मराठी पोराला मिळालेली सूट आहे. गेलो, गेले, गेलास, गेलीस, गेला, गेली, गेलं, गेलात, गेल्या. एवढ्या सगळ्यांना इंग्रजीत एकच 'वेंट'. 'त्याने भाकरी खाल्ली' आणि 'त्याने आंबा खाल्ला' यात आपलं क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, इंग्रजीचं 'एट' जागचं हलत नाही. आपल्या भाषेतलं एवढं अवघड गणित शाळेत जायच्या आधी सोडवणारं लेकरू 'वेंट'पाशी अडकेल का? त्याला अडकवलं जातं.

मी वर्गात फळ्यावर एकच वाक्य लिहितो: मी काल मामासोबत बसने नाशिकला गेलो. मग पोरांना सांगतो, 'मी' सोडून बाकीचं वाक्य शेपटाकडून वाचा. गेलो, नाशिकला, बसने, मामासोबत, काल. आता इंग्रजी: आय वेंट टू नाशिक बाय बस विथ माय अंकल यस्टर्डे. क्रम हुबेहूब तोच, फक्त उलटा. आपल्याकडे क्रियापद शेवटी आणि बाकी सगळं त्याच्या आधी. तिकडे क्रियापद आधी आणि बाकी सगळं त्याच्या मागे. क्रियापदाच्या सगळ्यात जवळ नाशिक दोन्हीकडे आहे. प्रत्ययही बाजू बदलतो, 'नाशिक-ला' चं 'टू नाशिक' होतं. प्रत्येक वाक्य इतकं नेमकं उलटत नाही, पण कणा हाच. हे एका तासात कळतं. मागच्या बाकावरच्या पोरांनाही कळतं, मी पाहिलं आहे.

मग वाक्यं गावातलीच घ्यायची. यंत्रमागाच्या घरातल्या पोराला परदेशी मांजर आणि चटई कशाला? 'द थ्रेड ब्रोक ॲट नाइट. माय फादर टाइड इट विथ हिज फिंगर्स. द लाइट्स वेंट आउट ॲट टू.' धागा तुटला, बापाने बोटांनी गाठ मारली, दोन वाजता लाईट गेली. हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं, फक्त इंग्रजीत मांडायचं राहिलेलं असतं.

क्रियापद आणि त्याला चिकटून येणारे शब्द एकत्र शिकवणं, हे काही मी शोधून काढलेलं नाही. हॉर्नबी नावाचा इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत होता. कोणतं क्रियापद कोणत्या साच्यात बसतं आणि त्याच्यामागे काय येतं, हे दाखवणारा त्याचा कोश 1942 साली तिथेच निघाला, आणि 1954 साली त्याने वाक्यांच्या साच्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. 'वेट'ला 'फॉर' लागतो, 'लाफ'ला 'ॲट' लागतो, 'मॅरीड'नंतर 'विथ' येत नाही, हे सुट्या शब्दाच्या अर्थावरून कळत नाही, साच्यातूनच कळतं. आपल्याकडच्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची आता चेष्टा होते, पण तिच्यात निदान अख्खी वाक्यं होती. आजच्या गाईडात त्यांचा चुरा उरला आहे.

मोसम पुलापासून कॅम्पापर्यंत फाडफाड इंग्रजीच्या क्लासच्या पाट्या लागल्या आहेत. यंत्रमागावर रात्रपाळी करणारा बाप पोटाला चिमटा काढून तिथे फी भरतो, आणि पोराच्या हाती झेरॉक्स केलेली तीच यादी पडते. हा त्या बापाच्या घामावर मारलेला डल्ला आहे. विचारलं तर उत्तर ठरलेलं: परीक्षेत गाळलेल्या जागाच येतात, वेळ कुठून काढायचा? वेळ याद्या घोकण्यात जातो, तिथूनच काढायचा. रोज तासाची पहिली दहा मिनिटं प्रत्येक पोराने काल घडलेल्या गोष्टीची तीन वाक्यं बोलायची, कुठे, कोणाबरोबर, किती वाजता यासकट. चुकलं तर वर्गाने हसायचं नाही आणि शिक्षकाने लाल पेन खिशातच ठेवायचं. जो शिक्षक एवढंही करायला तयार नाही, त्याने पोरांना 'ढ' म्हणणं आजपासून बंद करावं.