परगावची प्रत
२६ जुलै २००५ च्या महापुरात कल्याणास पाणी शिरले, तेव्हापासून घरच्या संग्रहाची एक प्रत परगावी असावी, असे आमचे मत आहे. आमच्या वडिलोपार्जित पोथ्यांची छायाचित्रे डोंबिवलीस पुतण्याच्या संगणकात असून, त्यांची प्रत रोज रात्री ठाण्यास आमच्या यंत्रावर येते. मध्यंतरी ती अर्ध्यावरच अडू लागली. दोष तारांचा नव्हता. एकच मजकूर दोनदा साठू नये म्हणून यंत्र प्रत्येक तुकड्याची नोंद ठेविते. झेडएफएस पद्धतीत ६४ किलोबाइटांचा तुकडा धरिल्यास एका टेराबाइटास दीड कोटीहून अधिक नोंदी. दर नोंदीस सुमारे ३२० बाइट, म्हणजे ५ गिगाबाइट स्मृती हवी. आमची चारच! मग यंत्र तुकड्यागणिक तबकडी धुंडाळी. आता स्मृती सोळा केली आहे. परंतु पंधरा रात्री प्रत अपुरी होती व घरात कोणास पत्ताही नव्हता, हे आम्हांस अजून बोचते.