काळाची चिकित्सक आवृत्ती

जगात कुठेतरी एक अचूक घड्याळ आहे आणि बाकीची सारी त्याच्या नकला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती तशी नाही. पॅरिसजवळील आंतरराष्ट्रीय वजनमापे कार्यालय सुमारे ८० संस्थांतील ४५० च्या आसपास आण्विक घड्याळांच्या नोंदी मागवते. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळाही त्यांत आहे. ज्याची चाल भरवशाची, त्याला अधिक वजन देऊन सरासरी काढली जाते. मग सेकंदाची लांबी १९६७ च्या व्याख्येशी, म्हणजे सीझियम अणूच्या विशिष्ट प्रारणाच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांशी, ताडून पाहिली जाते. निकाल पुढील महिन्यात प्रसिद्ध होतो. म्हणजे नेमके किती वाजले होते, हे जगाला मागाहून कळते!

वाङ्मयाच्या अभ्यासकांना ही रीत ओळखीची वाटावी. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तेथेही कोणतीच एक पोथी प्रमाण नव्हती. पाठ सरासरीने ठरत नाही हे खरे. पण साक्षी तोलून प्रमाण घडवायचे, हा न्याय दोहोंकडे एकच.

संपादकांनी आणखी एक पथ्य पाळले: नाकारलेले पाठ पानाच्या तळाशी जपले. काळाच्या बाबतीत आम्हांस या पथ्याची आठवण करून द्यावीशी वाटते. पृथ्वीचे फिरणे अणूइतके नियमित नाही. तिची वेळ आणि घड्याळाची वेळ यांत ०.९ सेकंदाहून अधिक अंतर पडू नये म्हणून १९७२ ते २०१६ या काळात २७ लीप सेकंद घालण्यात आले. या आगंतुक सेकंदाने संगणकांची जाळी अडखळतात. म्हणून २०२२ साली वजनमापांच्या सर्वसाधारण परिषदेने ठरवले की, २०३५ पर्यंत ही मर्यादा वाढवावी, आणि ती इतकी असावी की किमान शंभर वर्षे दुरुस्तीची गरज पडू नये.

हा निर्णय व्यवहाराला धरून आहे. त्याला आमचा विरोध नाही. मात्र दुरुस्ती लांबणीवर टाकणे वेगळे आणि मूळ विसरणे वेगळे. ‘दिवस’ हा शब्द सूर्याने दिला, सीझियमने नव्हे. हे वाढते अंतर केवळ तज्ज्ञांच्या कोष्टकांत न राहता पाठ्यपुस्तकांत व पंचांगांतही नोंदले जावे, असे आमचे मत आहे. प्रमाण पाठ एकच असावा. पण तळटीप पुसली की वाचकाला तो पाठ स्वयंभू वाटू लागतो, आणि मग त्याला प्रश्न विचारणारा कुणी उरत नाही.