सेवेचे मोल कोणी द्यावे?

उंची भोजनगृहात पाऊल टाकणे ही आता केवळ धनिकांची मिरास राहिलेली नाही. लग्नाचा वाढदिवस, मुलाची पहिली नोकरी, परगावाहून आलेले आप्त, अशा निमित्ताने मध्यमवर्गीय कुटुंबही वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी मुंबई-बंगळूरच्या किंवा आमच्या पणजी-कळंगुटच्या अशा जागी जाते. मंद दिवे, पांढरेशुभ्र मेजकापड, निखाऱ्यावर शेकलेला मांसाचा जाड तुकडा, अथवा ‘स्टेक’ हे नाव लाभताच भाव वधारलेला आपलाच इसवण! हौसेला मोल नसते, हे मान्य. दरपत्रक पाहून खाणाऱ्याने दराविषयी कुरकुर करू नये, हेही मान्य. आमची तक्रार दरपत्रकाविषयी नाही. बिलाच्या तळाशी न विचारता येऊन बसणाऱ्या ‘सेवा आकार’ या ओळीविषयी आहे.

हा आकार म्हणजे सरकारी कर, अशी अनेकांची प्रामाणिक समजूत असते. ती चुकीची आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जारी करून असा आकार बिलात आपोआप लावण्यास, दुसऱ्या नावाने उकळण्यास आणि तो न देणाऱ्यास प्रवेश वा सेवा नाकारण्यास मनाई केली. उपाहारगृहचालकांच्या दोन राष्ट्रीय संघटनांनी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि त्याच महिन्यात स्थगिती मिळविली. पुढे २८ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी त्या याचिका फेटाळल्या, तत्त्वे वैध ठरविली आणि दोन्ही संघटनांवर प्रत्येकी एक लाख रुपयांचा खर्चही बसविला. ग्राहकाने स्वखुशीने बक्षिसी देण्यास न्यायालयाची हरकत नाही. हरकत आहे ती सक्तीला.

ही सक्ती केवढ्याला पडते तेही पाहावे. समजा, चौघांच्या जेवणाचे चार हजार रुपये झाले. त्यावर पाच टक्के वस्तू व सेवा कर धरून बिल ४,२०० रुपये व्हायला हवे. दहा टक्के सेवा आकाराचे ४०० रुपये आधी मिळविले आणि त्या बेरजेवर कर लावला, की तेच बिल ४,६२० रुपयांवर जाते. म्हणजे जे देणे मुळात ऐच्छिक, त्यावरही ग्राहकाने कर भरायचा! तत्त्वांनी हा प्रकारही निषिद्ध ठरविला आहे.

मालकांचे म्हणणे असे, की ही रक्कम कामगारांत वाटली जाते. वाढप्यालाच नव्हे, तर आत भांडी घासणाऱ्यालाही तिचा वाटा मिळतो. काही ठिकाणी तसे घडत असेलही. पण गल्ल्यात पडलेल्या पैशापैकी किती पैसा कोणाच्या हाती गेला, हे पडताळण्याचे साधन ग्राहकापाशी नाही आणि घरदार सोडून परप्रांतातून आलेल्या वाढप्याला ते विचारण्याची हिंमत नाही. कामगाराला नीट पगार देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. ते ग्राहकाच्या खिशातून परस्पर पार पाडून घ्यायचे आणि वर त्याला कामगारकल्याण म्हणायचे, हा न्याय अजब आहे.

बक्षिसीवर वेतन सोडून देण्याचा परिणाम काय होतो, हे स्टेकगृहांचे माहेरघर असलेल्या अमेरिकेत दिसते. तेथे संघराज्याच्या कायद्यानुसार बक्षिसी मिळविणाऱ्या कामगाराला मालकाने रोख द्यावयाचे किमान वेतन ताशी २.१३ डॉलर आहे. १९९१ पासून त्यात एका सेंटचीही वाढ झालेली नाही. सर्वसाधारण किमान वेतन ७.२५ डॉलर, मधली तूट गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. म्हणूनच तेथे बिलाच्या पाचव्या हिश्शाइतकी बक्षिसी हा जवळजवळ दंडकच होऊन बसला आहे. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी ही सवलत मालकांना नाकारली, तरीही तेथील भोजनगृहे चाललीच आहेत. उलट फ्रान्समध्ये सेवेचे मोल पदार्थाच्या छापील दरातच धरलेले असते. आम्हांस हा मार्ग अधिक सरळ वाटतो.

पदार्थ दोनशे रुपयांनी महाग करायचा असेल, तर मालकांनी तो खुशाल करावा. दर दारातच कळला, तर परवडेल तो आत जाईल, न परवडेल तो माघारी फिरेल. कोणाची फसवणूक होणार नाही. ग्राहकानेही संकोच सोडला पाहिजे. पाहुण्यांदेखत शंभर-दोनशे रुपयांसाठी वाद कसा घालावा, या भिडेवरच ही प्रथा पोसली गेली आहे. आकार वगळण्यास शांतपणे सांगावे. न ऐकल्यास बिल जपून ठेवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार करावी.

मात्र तो आकार वगळून घेणाऱ्याने, मनापासून वाढणाऱ्या मुलाच्या हातावर स्वखुशीने काही ठेवण्यास विसरू नये. सक्ती नाकारण्याचा अधिकार आणि श्रमाची कदर करण्याचे सौजन्य यांत विरोध नाही. पाटावर बसवून आग्रहाने वाढण्याची रीत असलेल्या या किनारपट्टीला हे वेगळे सांगावयास नको.