दुसऱ्या कानाची तजवीज

वऱ्हाडच्या मातीतून उठलेला आवाज जतन करावयाचा, तर त्याला मुंबई गाठावी लागे, असा काळ होऊन गेला. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी हयातभर गावोगाव कीर्तने केली. पण त्यांचे जे कीर्तन ध्वनिमुद्रणामुळे आजही ऐकावयास मिळते, ते १९५६ च्या नोव्हेंबरात वांद्र्याला झालेले, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, २० डिसेंबरला, बाबांनी देह ठेवला. यंत्र वेळेवर पोहोचले, हे आपले भाग्य. आज तेच यंत्र, अधिक सूक्ष्म आणि कितीतरी स्वस्त होऊन, अकोल्याच्या जठारपेठेत किंवा अमरावतीच्या राजापेठेत एखाद्या मध्यमवर्गीय घराच्या मागच्या खोलीत येऊन बसले आहे. संगणक, ध्वनीचे अंकांत रूपांतर करणारी इंटरफेस नावाची लहानशी पेटी, एक कंडेन्सर मायक्रोफोन आणि गिटार, एवढ्या सरंजामावर स्वतःचे शब्द स्वतःच्या चालीत बांधून मुद्रित करणाऱ्या तरुणांची एक पिढी आपल्या डोळ्यांदेखत तयार होत आहे. आणि तिच्याविषयी कौतुकाने किंवा कुचेष्टेने बोलणारे जितके भेटतात, तितके तिच्या खऱ्या निकडीचा विचार करणारे भेटत नाहीत.

ही निकड यंत्राची नाही. खोलीचीसुद्धा फारशी नाही, कारण कापसाच्या या मुलखात भिंतीवरून परतणारा नाद शोषून घेण्यासाठी परदेशी फोम मागवण्याचे कारण पडत नाही. दोन जाड गाद्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या आणि दारावर रजई टांगली, की काम पुष्कळसे भागते. अडचण उन्हाळ्याची. वैशाखात पारा पंचेचाळिसाला भिडलेला असताना कूलर आणि पंखा दोन्ही बंद करून गावयाचे, ही तपश्चर्याच होय; आणि कूलर चालू ठेवावा, तर त्याची घरघर मुद्रणात उतरते. त्यातच आपल्या विजेची गुणगुण ५० हर्ट्झची आणि तिची दुप्पट १०० ची, तर गिटारीची सर्वांत जाड तार ८२ च्या आसपास आणि तिच्या शेजारची ११० ची असल्यामुळे, तारेची जोडणी सदोष असली की ही गुणगुण नेमकी खर्जाच्या स्वरांच्या शेजारी येऊन बसते. कोरड्या हवेने गिटारीचे लाकूड आकसते, पट्टीच्या कडेने पडद्यांची धातूची टोके बोटांना बोचू लागतात. पावसाळ्यात तेच लाकूड फुगते. ही सगळी विघ्ने माहीत करून घेता येतात आणि निवारताही येतात. मायक्रोफोन गिटारीच्या भोकासमोर न धरता बाराव्या पडद्याच्या रोखाने वीत-दीड वीत अंतरावर ठेवावा, म्हणजे आवाज घुमत नाही, हे कोणत्याही चित्रफितीतून शिकता येते.

चित्रफितीतून जे शिकता येत नाही, ते एवढेच, की तुमचे हे गाणे कसे झाले आहे. ती बोलते, ऐकत नाही. संगणकाने तर प्रत्येक चूक दुरुस्त करण्याचे अमर्याद सामर्थ्य मुलांच्या हाती दिले आहे: ढळलेला स्वर ओढून जागेवर आणता येतो, मागेपुढे झालेला ठेका रेषेत बसवता येतो, पहिल्या कडव्यानंतरचे धृपद उचलून तिसऱ्या कडव्यानंतर जसेच्या तसे चिकटवता येते. परंतु तिसऱ्या कडव्यापर्यंत येता येता गाणाऱ्याचा श्वास तापलेला असतो, शब्दांचा अर्थ त्याला नव्याने लागलेला असतो, आणि तेथे पहिलेच धृपद पुन्हा आणून बसवणे म्हणजे गाण्याची वाढ खुंटवणे होय. हे सांगावयास शेजारी कोणी जाणता माणूस बसलेला असावा लागतो. पट्टी आवाजाला चढी पडते आहे, दुसऱ्या कडव्याची गरज नाही, चौथा टेक किंचित बेसूर असला तरी तोच ठेवावा, अशा निर्णयांना कान लागतो, आणि तो रचनाकाराचा स्वतःचा असून चालत नाही. कारण आपल्याच ओळी शंभरदा ऐकून तो बधिर झालेला असतो.

असा दुसरा कान या प्रांताला अपरिचित आहे, असे मुळीच नाही. १९३२ साली अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांनी मराठी गझल स्वतः लिहून दाखवली, आणि तेवढ्यावर न थांबता नवोदितांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली, त्यांच्या रचना तपासल्या, आणि उर्दूतील उस्तादांची इस्लाहची परंपरा मराठीत रुजवली. इस्लाहची मर्यादा मला फार मोलाची वाटते. उस्ताद मात्रा सुधारतो, सैल शब्द दाखवतो. शेर मात्र शागिर्दाचाच राहतो. गिटारीवरच्या गाण्याला हीच मर्यादा लागू व्हावी. कित्येक मार्गदर्शक, सद्‌हेतूनेच का होईना, शिष्याच्या गाण्यात आपले वादन, आपले आलाप आणि आपल्या तारुण्यातील आवडीनिवडी भरतात, आणि पोराच्या तोंडची वऱ्हाडी बोली पुसून पुस्तकी करतात. विठ्ठल वाघांच्या काळ्या मातीच्या गीताने १९८१ च्या ‘अरे संसार संसार’ मधून सारा महाराष्ट्र जिंकल्यावरही आपल्या बोलीविषयी हा संकोच उरावा, याचे नवल वाटते.

एक रुक्ष बाबही येथेच सांगून टाकतो. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार गीताचा हक्क गीतकाराचा, चालीचा संगीतकाराचा, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क त्या कामी पुढाकार व जबाबदारी घेणाऱ्या निर्मात्याचा असतो. घरच्या खोलीत, ‘सर’ आणि शिष्य दोघेही उत्साहात असताना, हा निर्माता कोण, हे कोणी विचारीत नाही. गाणे गाजले म्हणजे मात्र तो प्रश्न नात्यावर येतो. अर्ध्या पानाचा करारनामा आधीच करून ठेवण्यात गुरुभक्तीला कोणताही बाध येत नाही.

आता तजवीज कोणी करावी? अमरावतीला संत गाडगेबाबांच्या नावाचे विद्यापीठ आहे, अकोल्याला आकाशवाणीचे केंद्र आहे, आणि दोन्ही शहरांत गणेशोत्सवाच्या व लग्नाच्या ऑर्केस्ट्रांतून वर्षानुवर्षे गिटार वाजवून आता घरी बसलेले वादक आहेत. एकाला मंच, दुसऱ्याला ध्वनिमुद्रणाचा अनुभव आणि तिसऱ्याला वेळ आहे. यांची गाठ घालून देणारी एक यादी विद्यापीठाच्या दप्तरी ठेवली, आणि महिन्यातून एखादा रविवार अशा वादकाला होतकरू मुलाच्या घरी पाठवले, तर त्यासाठी नवी इमारत लागणार नाही, कोनशिलाही लागणार नाही. मानधनाची तरतूद तेवढी रोख असावी. या लोकांची शाल-श्रीफळावर बोळवण पुरेशी झाली आहे.