दाहावरची गोळी कुणाला द्यावी?

हृदयविकार म्हणजे नळीत साचलेली चरबी, ही समजूत नवी मुंबईतल्या करावे गावठाणात आहे तशीच शेजारच्या सीवूड्सच्या टॉवरांतही आहे. ती अर्धीच खरी. रक्तवाहिनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल शिरलं की ते गिळायला मॅक्रोफेज नावाच्या पेशी धावतात, खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. प्रतिकारशक्तीच्याच टी-पेशी दाह पेटता ठेवतात. या पेशींतून सुटणारी विकरं चरबीवरचं आवरण कुरतडतात. पातळ झालेलं आवरण फाटलं की काही मिनिटांत गुठळी धरते. म्हणूनच ज्याची नळी निम्मीही बंद नव्हती, अशा माणसालाही झटका येतो.

मग दाहच शमवावा का? 2017 साली सुमारे दहा हजार रुग्णांवर झालेल्या कॅन्टोस चाचणीत कॅनाकिनुमॅब या दाहशामक औषधाच्या इंजेक्शनाने झटक्यांसारखे प्रसंग 15 टक्क्यांनी घटले. पण जीवघेणे जंतुसंसर्गही वाढले. शेवटी याच पेशी आपले पहारेकरी. स्वस्त पर्याय कोल्चिसिनचा. पावसाळ्यात सह्याद्रीत फुलणाऱ्या कळलावीतलंच हे द्रव्य, गाउट या सांधेदुखीवरचं जुनं औषध. 2019 च्या कोलकॉट चाचणीत झटक्यानंतर रोज अर्धा मिलिग्रॅम घेणाऱ्यांना फायदा दिसला. 2024 मध्ये सुमारे सात हजार रुग्णांच्या क्लिअर चाचणीत तो दिसला नाही. दोन्ही चाचण्या मोठ्या होत्या. सोयीची तेवढी एकच उचलणं अप्रामाणिकपणाचं ठरेल.

आमचं मत असं: उपचार नीट चालू असूनही ज्यांचा आजार पुन्हा उसळतो आणि मूत्रपिंड धड आहे, त्यांच्यासाठी हृदयरोगतज्ज्ञाने कोल्चिसिनच्या गोळीचा विचार जरूर करावा. सरसकट नको. तपासणीच्या पॅकेजमधल्या सीआरपीच्या, म्हणजे रक्तातल्या दाहाच्या खुणेच्या, आकड्यावर तर मुळीच नको. आषाढातल्या साध्या तापानेही तो आकडा चढतो, आणि घाबरलेलं घर भलत्याच खर्चात पडतं.

दाह वाढवणारी तंबाखू मात्र आजच सोडता येते. मिश्रीही तंबाखूच, हे घरातल्या बायकांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. स्टॅटिन आणि अ‍ॅस्पिरिन ‘आता बरं वाटतंय’ म्हणून परस्पर बंद करू नका. कळलावीचा कंद विषारी आहे, घरगुती प्रयोग जिवावर बेततो. आणि छातीत दाटून आलं, घाम फुटला, तर पित्ताची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा, लगेच ईसीजी काढा.